तारण ठेवून घेतलेले कार्ड आणि ५८८ रुपये ८२ पैसे

माझ्या सिबिल अहवालात, म्हणजे मी कर्जे आणि कार्डाची बिले कशी फेडली याच्या नोंदींच्या कागदात, प्रत्येक खात्याखाली महिन्यांच्या छोट्या चौकटींची एक रांग आहे. त्या महिन्यात हप्ता किंवा बिल किती दिवस थकले होते, तो आकडा त्या चौकटीत असतो. माझ्या एका क्रेडिट कार्डाखाली जवळजवळ सगळ्या चौकटींत ००० आहे आणि फक्त एप्रिल २०२४ च्या चौकटीत ०३१ आहे. हा आकडा ५८८ रुपये ८२ पैशांच्या बिलामुळे आला, आणि ज्या कार्डावर आला ते कार्ड मी या नोंदींवरून ठरणारा, बिघडलेला स्कोअर सुधारावा एवढ्याच हेतूने घेतले होते. मुदत ठेवीवर मिळणाऱ्या या कार्डांची शिफारस हल्ली बँकेतले कर्मचारी, कर्जाचे एजंट, नातेवाईक असे सगळेच करतात. शिफारस चुकीची नाही. पण ती करताना कोणी सांगत नाही अशा बऱ्याच गोष्टी मला पैसे आणि वेळ घालवून कळल्या, त्या येथे सविस्तर लिहितो.

कोल्हापुरात माझा लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुके, पावतीपुस्तके, कधी एखाद्या मंडळाचा अहवाल, अशी कामे आम्ही करतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ऐन लग्नसराईच्या पत्रिका छापून, घड्या घालून, गठ्ठे बांधून तयार होत्या आणि त्या न्यायला कोणी आले नाही, कारण लग्नेच पुढे गेली होती. त्या पत्रिकांचा कागद मी क्रेडिट कार्डावर घेतला होता. १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या काळात रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने हप्ते पुढे ढकलण्याची सवलत होती, ती कार्डाच्या बाकीलाही लागू होती आणि मी ती घेतली. सवलत म्हणजे फक्त भरणा थांबला. व्याज थांबले नाही, आणि कार्डाचे व्याज हे गृहकर्जाच्या व्याजासारखे नसते. २०२१ साली बाकी ८४,००० रुपयांवर गेली, वसुलीचे फोन सुरू झाले, आणि शेवटी ‘एकरकमी ५०,००० भरा, प्रकरण मिटवून टाकू’ असा प्रस्ताव आला. मी घरातले सोने गहाण ठेवून ते भरले आणि प्रकरण मिटले असे समजलो.

ते मिटले नव्हते. अहवालात त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा पडला. हा शब्द ऐकायला चांगला वाटतो, पण कर्ज देणाऱ्याच्या नजरेत त्याचा अर्थ ‘या माणसाने घेतलेले पूर्ण फेडले नाही, सावकाराने उरलेल्यावर पाणी सोडले’ असा होतो. पूर्ण फेडलेल्या खात्यापुढे ‘क्लोज्ड’ लिहिलेले असते, आणि या दोन शब्दांतला फरक मला २०२२ च्या अखेरीस जुने डिजिटल छपाईयंत्र घ्यायला कर्ज मागितले तेव्हा समजला. अर्ज नामंजूर झाला. तिथल्याच एका तरुण मुलाने मला सल्ला दिला, “काका, एफडीवरचं कार्ड काढा. पहिलं वर्ष काही चार्ज नाही, सिबिल आपोआप वर येतो.”

‘आपोआप’ हा शब्द मी तेव्हा तपासून घ्यायला हवा होता.

हे कार्ड चालते कसे, ते आधी सांगतो. आपण बँकेत मुदत ठेव ठेवायची, बँक त्या ठेवीवर लिअन लावते, म्हणजे कार्ड चालू असेपर्यंत ती ठेव आपल्याला मोडता येत नाही, आणि ठेवीच्या साधारण ७५ ते १०० टक्के इतकी मर्यादा कार्डाला मिळते. उत्पन्नाचा दाखला बहुधा लागत नाही, जुना स्कोअर फारसा आड येत नाही, आणि ठेवीवर नेहमीचे व्याज मिळत राहते. कार्डाचा भरणा क्रेडिट माहिती कंपन्यांना नियमितपणे कळवला जातो. आपल्याकडे अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. स्कोअर ३०० ते ९०० यांमध्ये असतो, आणि वेळेवर भरलेल्या बिलांचा नवा इतिहास जसजसा साठतो, तसतसा तो वर सरकतो. इथपर्यंत सगळे खरे आहे.

मी फेब्रुवारी २०२३ मध्ये २५,००० रुपयांची ठेव ठेवली आणि मला २०,००० रुपयांची मर्यादा मिळाली. पहिली चूक इथेच झाली. मर्यादेपैकी किती रक्कम वापरात आहे, याचाही स्कोअरवर परिणाम होतो, आणि हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आत ठेवावे असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. २०,००० चे ३० टक्के म्हणजे ६,००० रुपये. मी मात्र पहिल्याच महिन्यात कागदाचे १८,००० रुपयांचे बिल कार्डावर घेतले, मुदतीत पूर्ण फेडले, आणि तरीही स्कोअर खाली आला, कारण अहवालात मर्यादेच्या ९० टक्के वापर दिसत होता. बँक बहुधा बिल तयार होते त्या दिवशीची बाकी कळवते. देय तारखेला आपण सगळे फेडले तरी त्या महिन्याच्या नोंदीत मोठाच आकडा जातो. यावर उपाय सोपा आहे. बिल निघण्याच्या दोन-तीन दिवस आधीच बहुतेक रक्कम भरून टाकावी. पण २५,००० रुपये अडकवून आपल्याला महिन्याला निर्धास्तपणे वापरता येणारी रक्कम ६,००० च आहे, हे ठेव ठेवतानाच कळलेले बरे.

आता त्या ५८८ रुपयांविषयी. आठ-नऊ महिने कार्ड नीट वापरल्यावर स्कोअर ७३१ झाला. मला वाटले काम झाले. मी कार्ड कपाटात ठेवून दिले आणि वापरणे बंद केले. याच काळात मोबाइलचा जुना नंबर बंद करून नवा घेतला. दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना तो कळवला, बँकेत कळवायचा राहिला. मार्च २०२४ च्या १० तारखेला निघालेल्या बिलात एकच ओळ होती: वार्षिक शुल्क ४९९ रुपये, त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर ८९ रुपये ८२ पैसे, एकूण ५८८ रुपये ८२ पैसे. देय तारीख ३० मार्च. ‘पहिलं वर्ष काही चार्ज नाही’ हे त्या मुलाचे वाक्य अक्षरशः खरे होते, दुसऱ्या वर्षाविषयी मी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. संदेश बंद नंबरवर गेले, आणि ईमेल दुकानाच्या ज्या पत्त्यावर आले त्यावर गिऱ्हाइकांच्या मजकुराच्या फाइली इतक्या येतात की बँकेचे पत्र त्यात बुडून गेले.

एप्रिलच्या बिलात उशिराचे शुल्क ४०० रुपये आणि त्यावरचा कर ७२ रुपये असे ४७२ रुपये वाढले. बाकी १,०६० रुपये ८२ पैसे झाली. माझ्या कार्डाच्या दरपत्रकात हजाराच्या वरच्या बाकीला उशिराचे शुल्क ५०० रुपये आहे, त्यामुळे मेच्या बिलात करासह आणखी ५९० रुपये आले आणि आकडा १,६५० रुपये ८२ पैसे झाला. म्हणजे मी दोन महिन्यांत एक रुपयाही खर्च न करता बाकी जवळजवळ तिप्पट झाली होती. १० मे रोजी छापखान्याच्या जुन्या लँडलाइनवर वसुली विभागाचा फोन आला तेव्हा मला हे कळले. मी त्याच दुपारी सगळी रक्कम भरली. पण एप्रिलअखेरची माहिती तोवर पोचली होती. ३० मार्चपासून ३० एप्रिलपर्यंत ३१ दिवस, म्हणून चौकटीत ०३१. स्कोअर ७३१ वरून ६६८ वर आला.

मी तक्रार केली. बँकेने सौजन्य म्हणून एका महिन्याचे उशिराचे शुल्क परत दिले, पण ०३१ ची नोंद काढली नाही, आणि तेही बरोबरच आहे, कारण बिल खरोखर थकले होते. क्रेडिट माहिती कंपनीकडेही मी हरकत नोंदवली. तिने ती बँकेला विचारली, बँकेने नोंद बरोबर असल्याचे कळवले, आणि विषय संपला. अहवालात ५८८ रुपयांची थकबाकी आणि ५८,००० रुपयांची थकबाकी यांच्यासाठी दिवसांची चौकट एकच असते. रक्कम खाली वेगळी लिहिलेली असते, पण कर्ज मंजूर करणारा माणूस आधी ती रांग पाहतो.

या प्रकारात मला सगळ्यांत जास्त ज्याने फसवले, तो समज माझाच होता आणि तो मी नंतर इतर अनेकांच्या तोंडून ऐकला. ‘माझे २५,००० रुपये बँकेकडेच पडून आहेत, मग मी थकबाकीदार कसा?’ तारण आहे म्हणून बँकेचा धोका संपतो. आपला संपत नाही. बिल थकले की बँक लगेच ठेवीतून पैसे वळते करून घेत नाही. ती आधी वाट पाहते, शुल्क लावते, कळवते, आणि बिल बरेच लांबल्यावरच ठेव मोडते. मधल्या सगळ्या दिवसांची थकबाकी अहवालात नोंदली जाते. शेवटी ठेव मोडून बँकेला तिचे सगळे पैसे मिळाले, तरी नोंद तशीच राहते, शिवाय मुदतीआधी मोडल्यामुळे ठेवीचे व्याज कमी होते ते वेगळेच. म्हणून ज्याचे उत्पन्न अनियमित आहे त्याने ‘ठेव आहे, बघून घेतील’ या भरवशावर हे कार्ड अजिबात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्याजाचा हिशेब मी एकदा कागदावर मांडला, तो जसाच्या तसा देतो. दर महिना ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के, हा कार्डांवर नेहमी आढळणारा दर आहे. ठेवीवरच्या काही कार्डांवर तो कमी असतो, सगळ्यांवर नाही. समजा १२ जूनला १८,००० रुपयांची खरेदी केली, १० जुलैला बिल निघाले, ३० जुलै ही देय तारीख, आणि त्या दिवशी आपण १७,००० भरले. राहिले फक्त १,०००. कोणालाही वाटेल की व्याज हजारावर लागेल. पण पूर्ण बिल न भरल्यामुळे व्याजमुक्त मुदत, म्हणजे खरेदीपासून देय तारखेपर्यंतचे बिनव्याजी दिवस, रद्द होते, आणि त्या त्या दिवशी जी रक्कम बाकी होती तिच्यावर खरेदीच्या तारखेपासून व्याज धरले जाते. १२ जून ते ३० जुलै हे ४८ दिवस १८,००० बाकी होते, त्याचे व्याज ९९४ रुपये. पुढे १० ऑगस्टपर्यंतचे ११ दिवस १,००० बाकी होते, त्याचे सुमारे १३ रुपये. या १,००७ रुपयांवर १८ टक्के कर १८१ रुपये. एकूण १,१८८. हजार रुपये मागे ठेवले म्हणून अकराशे अठ्ठ्याऐंशी रुपये द्यावे लागतात, आणि या काळात केलेल्या प्रत्येक नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागत असते. माझ्या २५,००० च्या ठेवीवर वर्षभरात सुमारे १,७०० रुपये व्याज मिळते. त्यातला दोन तृतीयांशाहून अधिक भाग असा एकाच चुकीत जातो.

किमान देय रक्कम हा याच हिशेबाचा पुढचा भाग आहे. काही कार्डांवर ती बाकीच्या ५ टक्के असते. १८,००० वर ९०० रुपये. एका महिन्याचे व्याज ६३० रुपये, त्यावरचा कर ११३ रुपये ४० पैसे. म्हणजे भरलेल्या ९०० मधून मुद्दल फिटते फक्त १५६ रुपये ६० पैसे. किमान रक्कम वेळेवर भरली की उशिराचे शुल्क लागत नाही आणि चौकटीत ००० येते, त्यामुळे माणसाला वाटते की सगळे सुरळीत चालू आहे. फक्त किमान रक्कम भरत गेल्यास फेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लांबते, असा इशारा बिलावर छापणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. माझ्या बिलावरही तो होता. मी तो पहिल्यांदा वाचला २०२४ च्या मेमध्ये.

व्याजाला वरची मर्यादा असेल, अशी पुष्कळांची समजूत असते, आणि तिला एक आधारही होता. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली असा निर्णय दिला होता की, कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज लावणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. त्यामुळे दरपत्रकात जो दर छापलेला आहे, तोच आपल्याला लागणार, असे धरून चालावे.

बाकीच्या शुल्कांपैकी रोख रक्कम काढण्याचे शुल्क सर्वांत जास्त घातक आहे, कारण ज्याचे हात पैशांअभावी बांधलेले असतात तोच कार्डावर रोख काढायला जातो. अनेक कार्डांवर हे शुल्क २.५ टक्के, पण कमीत कमी ५०० रुपये असते. दोन हजार काढले तर करासह ५९० रुपये लगेच लागतात आणि व्याज काढल्या क्षणापासून सुरू होते. इथे व्याजमुक्त मुदत नसतेच. ठेवीवरच्या कार्डांची जाहिरात करताना ‘पूर्ण मर्यादेपर्यंत रोख काढता येते’ हे मोठ्या कौतुकाने सांगतात. घरभाडे भरणे, वॉलेटमध्ये पैसे टाकणे, परदेशी संकेतस्थळावर खरेदी करणे, खात्यातून ठरलेली वसुली शिल्लक नसल्यामुळे न होणे, या प्रत्येकाला आपापले शुल्क आहे आणि प्रत्येकावर कर. आमच्यासारख्या धंद्यात अक्षरांचे फाँट आणि चित्रे परदेशी संकेतस्थळांवरून विकत घ्यावी लागतात, तेव्हा साडेतीन टक्क्यांच्या आसपासचे परकीय चलनाचे शुल्क दर वेळी द्यावे लागते, हे मला पहिल्या वर्षभरात लक्षातही आले नव्हते.

मग फोन येतात. एक फोन बिलाचे हप्ते पाडून देण्यासाठी असतो: प्रक्रिया शुल्क, हप्त्यातल्या व्याजावर कर, आणि मुदतीआधी फेडायचे म्हटले तर त्याचेही शुल्क, शिवाय तेवढी मर्यादा अडकून राहते आणि वापराचे प्रमाण वाढलेले दिसते. दुसरा फोन कार्ड हरवल्यास संरक्षण किंवा अपघात विमा देणाऱ्या योजनेसाठी. त्या बाईंनी मला “सर, फक्त हो म्हणा, पहिले तीन महिने काहीच लागणार नाही” असे सांगितले होते. मी नाही म्हटले, आणि तो माझ्या थोड्या योग्य निर्णयांपैकी एक होता. ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय असे काही लादता येत नाही, पण फोनवर नकळत दिलेला होकारही संमती म्हणून पुढे केला जाऊ शकतो.

मोबाइलच्या अॅपवरून मिळणाऱ्या कार्डांविषयी एवढेच सांगतो की, ते कार्ड कोणत्या बँकेचे आहे आणि अहवालात ते कशा नावाने दिसेल, हे आधी लेखी घ्यावे. काही वर्षांपूर्वी कार्डासारखी दिसणारी, पण प्रत्यक्षात प्रीपेड असलेली साधने बाजारात होती. त्यांत कर्जाऊ रक्कम भरली जाई. जून २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने हा प्रकार थांबवला. माझ्याकडे कामाला असलेल्या मुलाने असे एक ‘कार्ड’ घेतले होते, आणि त्याच्या अहवालात कार्डाऐवजी एकामागून एक छोटी कर्जे दिसत होती. आपण कर्ज घेतो आहोत, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

‘सिबिल क्लीन करून देतो’ म्हणणाऱ्यांचे फलक आमच्या भागात विजेच्या खांबांवर लागलेले असतात. त्यांतल्या एकाने तर तसे फलक छापायला माझ्याकडेच काम आणले होते. मी ते घेतले नाही. अहवालातली नोंद फक्त ती कळवणारी बँक किंवा वित्तसंस्था बदलू शकते, क्रेडिट माहिती कंपनीलाही ती परस्पर बदलता येत नाही, आणि चुकीच्या नोंदीवर हरकत घ्यायला एक रुपयाही लागत नाही. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. मोफत अहवालाच्या पानावर पैसे भरून घ्यायच्या योजना आधी दिसतात, त्यांना न भुलता मोफतची ओळ शोधावी लागते, एवढेच. हरकत ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियमही रिझर्व्ह बँकेने केला आहे आणि तो एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

नियम सगळेच आपल्या विरुद्ध आहेत असे नाही, आणि हे सांगणे मला तितकेच आवश्यक वाटते. २१ एप्रिल २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने कार्डांविषयी जे निर्देश काढले, त्यांनुसार देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक काळ बिल राहिले तरच ते थकीत म्हणून कळवता येते आणि तरच उशिराचे शुल्क लावता येते. न भरलेली शुल्के आणि कर मुद्दलात मिळवून त्यांवर व्याज लावता येत नाही. माझ्या बिलात ५८८ रुपयांवर व्याज नव्हते, ते याच नियमामुळे. शुल्कात बदल करायचा तर किमान महिनाभर आधी कळवावे लागते. बाकी नसलेले कार्ड बंद करण्याचा अर्ज आला, तर ते कामाच्या ७ दिवसांत बंद करावे लागते, नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. कार्ड कपाटात ठेवणे म्हणजे बंद करणे नव्हे. बंद करायचे असेल तर लेखी अर्ज करावा, त्याची पोच घ्यावी, बाकी नसल्याचे पत्र घ्यावे, आणि ठेवीवरचा लिअन उठल्याचे खात्यात पाहून मगच निश्चिंत व्हावे. बँकेकडे तक्रार करून ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते आणि तिलाही शुल्क नाही.

मला आज कोणी विचारले, तर मी क्रम उलटा करायला सांगेन. आधी जुना शेरा, मग नवे कार्ड. ‘सेटल्ड’ शेरा असलेल्या अहवालावर नवे कार्ड कितीही नीट चालवले, तरी तो शेरा जागेवरच असतो आणि कर्ज देणारा त्याच्याविषयी विचारतोच. २०२४ च्या लग्नसराईचे पैसे हाती आल्यावर मी त्या जुन्या बँकेत गेलो आणि सोडून दिलेले ३४,००० रुपये भरायची तयारी दाखवली. काउंटरवरच्या माणसाला आधी ते समजेचना. मिटलेल्या खात्यात पैसे भरायला कोण येते, असा त्याचा चेहरा होता. तीन फेऱ्या झाल्या, वरिष्ठांना पत्र गेले, मग त्यांनी रक्कम स्वीकारली, बाकी नसल्याचे पत्र दिले, आणि महिन्याभरात अहवालात ‘सेटल्ड’ च्या जागी ‘क्लोज्ड’ आले. कार्डाच्या पहिल्या वर्षापेक्षा या एका शब्दाने मला अधिक मदत झाली, असे मी अनुभवाने म्हणतो. भरण्याआधी मात्र ‘ही रक्कम मिळाल्यावर शेरा बदलू’ असे बँकेकडून लेखी घ्यावे.

०३१ ची चौकट अजून आहे. अहवालात मागच्या ३६ महिन्यांची रांग दिसते, त्यामुळे २०२७ च्या उन्हाळ्यापर्यंत ती सरकत सरकत बाहेर जाईल. कार्ड मी चालू ठेवले आहे. दर महिन्याच्या ८ तारखेला, बिल निघण्याच्या दोन दिवस आधी, वीजबिल आणि फाँटचे पैसे यांची बाकी भरून टाकतो, आणि बिल निघाल्यावर राहिलेली रक्कम खात्यातून पूर्ण वळती व्हावी अशी सूचना बँकेला दिलेली आहे. ‘पूर्ण’ आणि ‘किमान’ असे दोन पर्याय तिथे असतात, त्यांतला पहिला निवडलेला आहे ना, हे मी दोनदा पाहिले.

कार्डाच्या महत्त्वाच्या अटी किमान एरियल १२ आकाराच्या अक्षरांत असाव्यात, असे रिझर्व्ह बँकेने सांगितलेले आहे. छपाई करणाऱ्याला हा नियम वाचून बरे वाटते. पण मोबाइलच्या पडद्यावर उघडलेल्या फाइलीत ती अक्षरे मुंगीएवढी होतात, हे मी स्वतः पाहिले आहे. म्हणून माझ्या कार्डाचे दरपत्रक मी मराठीत करून १८ पॉइंटमध्ये जुळवले आणि एका ए-फोर कागदावर छापून काउंटरच्या मागे लावले. गेल्या आठवड्यात पत्रिकेचे प्रूफ पाहायला आलेल्या एका तरुणाने ते वाचले, आपणही ठेवीवरचे कार्ड घेणार आहोत म्हणाला, आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून घेतला. दुसऱ्या वर्षाच्या शुल्काची ओळ त्यात नीट आली आहे का, ते मी त्याला मोठे करून पाहायला लावले.